अरबीत ‘चे’ नसतो

संपादकांचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, “राँग नंबर नाही ना?” कारण दिवाळी अंकात स्वतःच्या कामाबद्दल लिहिणारे लोक रिटायर झालेले असतात, त्यांच्या नावापुढे काहीतरी ‘माजी’ असतं. माझं अजून ‘आजी’चंच नीट जमलेलं नाही. पण ते म्हणाले, “लोणी काळभोरची मुलगी नाना पेठेत बसून अरबी टाइप करते, एवढं आम्हाला पुरे आहे. लिहा.” तर लिहिते. मला टाइप करायला वेळ लागत नाही, थांबायला लागतो, त्यामुळे जास्त झालं तर कापा.

आमचं दुकान डीटीपीचं. म्हणजे लोक हाताने लिहिलेलं किंवा तोंडाने सांगितलेलं घेऊन येतात आणि आम्ही ते कॉम्प्युटरवर छपाईसाठी तयार करून देतो. पुण्यात असली दुकानं गल्लोगल्ली होती, आता कमी झाली. आमचं टिकलं कारण आमच्याकडे उर्दू-अरबी होतं. मालक इक्बालचाचा. त्यांचे वडील कातिब, म्हणजे उर्दू मजकूर बोरूनं हाताने लिहून देणारे, आणि चाचा स्वतःही तेच शिकले. मग कॉम्प्युटर आला, आणि चाचांनी बोरू ठेवून की-बोर्ड घेतला. “बोरूला व्हायरस लागत नव्हता,” एवढंच ते त्याबद्दल बोलायचे.

मी तिथे मराठी-इंग्लिश टायपिंगसाठी लागले. लोणीहून हडपसरमार्गे दोन बस बदलून यायचे. पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं की दुकानातली भारी कामं सगळी उजवीकडून डावीकडे चालतात. लग्नपत्रिका, मदरशांची पावतीपुस्तकं, कोंढव्यातल्या हॉटेलांचे मेन्यू, आखातात नोकरीला जाणाऱ्यांचे कागद. मी चाचांना म्हटलं, मला शिकवा. ते म्हणाले, “कशाला? तुमच्याकडे देवनागरी कमी पडली का?” मी म्हटलं, हो. तर हसले आणि दुसऱ्या दिवशी अलिफ-बे लिहिलेला पुठ्ठा माझ्या मॉनिटरखाली उभा केला. मला वाचता यायला लागलं म्हणजे अक्षरं उच्चारता यायला लागली. अरबीतला अर्थ काही कळायचा नाही. आपण संस्कृत स्तोत्रं म्हणतो ना, तसं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, अरबी अक्षरं एकमेकांचा हात धरतात. आपली सगळी वरच्या रेघेला लटकलेली असतात, प्रत्येकजण आपापला. त्यांचं तसं नाही. शब्दाच्या सुरुवातीला आलं तर एक रूप, मधे आलं तर दुसरं, शेवटी आलं तर अजून वेगळं. चुकीच्या सॉफ्टवेअरमधे मजकूर पेस्ट केला की सगळ्यांचे हात सुटतात आणि सगळे उलट दिशेला चालायला लागतात. न कळणाऱ्याला काहीच वेगळं दिसत नाही.

एकदा एक जिमवाला मुलगा आला, टी-शर्टची बाही आधीच वर केलेली. दंडावर ताजा टॅटू. चाचांनी चष्मा पुढे ओढून बराच वेळ बघितलं.

“छान आहे. काय लिहिलंय?”

“माँ लिहिलंय, चाचा. नेटवरून काढलं. फक्त कन्फर्म करायचं होतं.”

“अक्षरं बरोबर आहेत हो. फक्त एकमेकांशी बोलत नाहीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे आईला दाखवू नका. तिला उर्दू येतं का?”

“नाही.”

“मग दाखवा. तिला आवडेल.”

चाचांचं सगळं बोलणं असं. आवाज चढायचा नाही, चेहरा हलायचा नाही. माझ्यावर तर रोजच. मी घरी बोलते तसं कधी दुकानात निघालं, “चाचा, तो माणूस बाहेर उभा हाय,” की ते मान वर न करता म्हणायचे, “हाय कोणाला करतेस? आत बोलव त्याला.” कॉलेजात मुली माझ्या ‘हाय’ला हसायच्या म्हणून मी ते गिळायला शिकले होते. तरी घाईत निसटायचं. चाचांचं मराठी मात्र अगदी सदाशिव पेठेसारखं, ‘ण’चा ‘ण’ आणि ‘ळ’चा ‘ळ’. घरून फोन आला की तेच चाचा “हौ, हौ, आताऊँ ना, चिल्ला नक्को” असं बोलायचे, आणि फोन ठेवला की पुन्हा पुणेरी.

आता हनानकडे येते. खरं तर हे सगळं मी तिच्यासाठीच लिहितेय, ती मराठी वाचू शकणार नाही हे माहीत असून.

हनान पुण्यात शिक्षणशास्त्रात पीएचडी करत होती. उंच, डोक्याला रुमाल, खांद्याला भलीमोठी कापडी पिशवी, आणि चालणं असं की रस्ता तिच्यासाठी थांबेल याची खात्री. प्रबंधाचा अरबी सारांश टाइप करून घ्यायला पहिल्यांदा आली. चाचांनी विचारलं कुठून आलात. ती म्हणाली, “फलस्तीन.” म्हणजे आपण पॅलेस्टाइन म्हणतो ते. चाचा खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि चहा सांगितला. तिनं सवयीनं सांगितल्यासारखं सांगितलं, “साखर कमी. आणि बसा ना प्लीज. मी देशाचं नाव सांगितलं की लोक एक तर उभे राहतात, नाहीतर मला बसू देत नाहीत.” ती हिंदी, इंग्लिश आणि रिक्षावाल्यांकडून उचललेलं मराठी मिसळून बोलायची. मी इथे सगळं मराठीतच लिहिते.

तिचं गाव डोंगरात, गावाचं नाव लिहू नकोस असं तिनं सांगितलंय. जवळच्या शहराला आपण बातम्यांमधे हेब्रॉन ऐकतो. ती अल-खलील म्हणायची, आणि समोरचा हेब्रॉन म्हणाला की थांबून दुरुस्त करायची. रागानं नाही, आपण ‘पूना’ म्हणणाऱ्याला ‘पुणे’ सांगतो तसं. तिची आई गावातल्या शाळेत बाई. शाळा म्हणजे पत्र्याच्या खोल्या. बांधकामाची परवानगी नाही म्हणून इस्रायली लष्कराची नोटीस लागलेली, आणि परवानगी मागायला जावं तर ती मिळत नाही. एक दिवस बुलडोझर आला. मुलांना बाहेर उभं केलं आणि खोल्या पाडल्या. बाकं, फळा, पुस्तकं, सगळं पत्र्याखाली. त्यानंतर तिची आई तंबूत शिकवत होती.

“रडली का ग?” मी विचारलं.

“आई? छे. ती म्हणाली पत्रा उन्हाळ्यात तसाही तापायचा.”

प्रबंधाचं काम संपल्यावर काही दिवसांनी हनान परत आली. या वेळेस पिशवीतून काही काढलं नाही, मोबाइल टेबलावर ठेवला. त्यात मुलांनी काढलेल्या चित्रांचे फोटो होते आणि आईच्या आवाजातले मेसेज. तिच्या आईला गावच्या मुलांसाठी अक्षरओळखीचं पुस्तक करायचं होतं. सरकारी पुस्तक होतंच, पण त्यात गाव नव्हतं. आईला प्रत्येक अक्षरासाठी गावातलीच गोष्ट हवी होती. अमक्या झऱ्याचं नाव, गुरं बांधायच्या गुहेचं नाव, भाकरीची भट्टी, डोंगरावरचा पाला, शेळी, कोंबडा, कुत्रा. म्हणजे पुढे रस्त्यावरच्या पाट्यांवर काहीही लिहिलेलं असो, मुलाला कळायला हवं की या उताराला आपण काय म्हणतो.

मला हे एकदम पटलं. आपल्याकडे ‘ऐ ऐरणीचा’. मी अजून ऐरण बघितलेली नाही! मी तिला सांगितलं की लोणीत आमच्याही शेतांना नावं होती, चिंचेचं वावर, खालची पट्टी, आणि आता तिथे बिल्डरनं कसलंतरी इंग्लिश नाव लावलंय, घरातली लहान मुलं तेच म्हणतात.

ती म्हणाली, “ते तुम्ही विकलंत ना?”

“हो. काकांनी.”

“आम्हाला कुणी विचारलं नाही.”

मला माहितीय मी उत्साहाच्या भरात सगळ्याला ‘आमच्याकडे पण सेम’ म्हणते. हे सेम नव्हतं.

चाचांनी काम घेतलं. म्हणाले, “फाइल आमच्याकडे राहील. तिकडे काहीही पडलं तरी पुण्यात कॉपी असेल.” हनान आठवड्यातून दोनतीनदा यायची. आईचा मेसेज कानाला लावायची, थांबवायची, मला हळू सांगायची, मी टाइप करायचे. मग ती स्क्रीन बघून दुरुस्त करायची आणि ‘कम्मिली’ म्हणायची, म्हणजे ‘चल पुढे’. मधेच एखादा शब्द ऐकून हसायला लागायची आणि सांगायला जमायचं नाही. “हे… असं एक गवत आहे… चहात घालतात… वास… नाही सांगता येत.” पुण्यात तिला सगळं मिळत होतं, झैतूनचं, म्हणजे ऑलिव्हचं, तेलसुद्धा कॅम्पात मिळत होतं, पण ती बाटली उघडून वास घ्यायची आणि पुन्हा बंद करायची. मंडईत हिरव्या जर्द कैऱ्यांचा ढीग बघून म्हणाली होती, “लांबून झैतून वाटले.” आता कैरी आणि झैतून! पण आठवण आली की माणसाला काहीही काहीतरी दिसतं.

एके दुपारी तिला युनिव्हर्सिटीतून फोन आला, ती बाहेर बोलत उभी राहिली. मला रिकामं बसवत नाही. मी हेडफोन घातला आणि पुढचा मेसेज लावला. आई सावकाश, एकेक शब्द सांगत होती, कोंबड्याचा, कुत्र्याचा. मी ऐकू आलं तसं टाइप करत गेले.

हनान आत आली आणि माझ्या मागे उभी राहिली. मी वळून बघितलं तर ती स्क्रीनवर बोट टेकवून उभी.

“हे काय लिहिलंस?”

“का? चल्ब. कुत्रा ना? चित्र कुत्र्याचं आहे.”

झालं असं होतं की अरबीत कुत्र्याला म्हणतात ‘कल्ब’. ‘काफ’नं, म्हणजे आपल्या ‘क’नं. तिच्या गावात मात्र या ‘क’चा ‘च’ करतात. कल्बचा चल्ब, कोंबड्याला दीकच्या ऐवजी दीच. ‘कसा आहेस’ म्हणताना कीफचं चीफ. हनान मला नेहमी ‘क’नंच सांगायची, म्हणून मला पत्ताच नव्हता. आईच्या तोंडून मी पहिल्यांदा थेट ऐकलं आणि ‘च’ टाइप केला. आता अरबीत ‘च’ला अक्षरच नाही! कुठल्याही अरब माणसाच्या की-बोर्डवर ते सापडलं नसतं. पण आमचा की-बोर्ड उर्दूचा. उर्दूत ‘चे’ आहे, पोटात तीन नुक्ते, म्हणजे ठिपके, असलेलं. चाचा, चाय, चमचा सगळं त्यानंच. मी ते दाबलं आणि पुढे गेले. ही चूक नाना पेठेतच होऊ शकते.

हनान स्टुलावर बसली. म्हणाली, “माझ्या आयुष्यात हा शब्द मी पहिल्यांदा लिहिलेला बघितला.”

मग तिनं सांगितलं. गावात शाळा थोड्याच इयत्तांची, पुढे शहरात जावं लागायचं. पहिल्या दिवशी वर्गात तिनं शेजारच्या मुलीला ‘कशी आहेस’ या अर्थानं चीफ हालिच विचारलं आणि सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. मुली तिला बघून ‘चीफ, चीफ’ करत चिमण्यांसारखा आवाज काढायच्या. तिनं ‘च’ सोडून दिला. आधी शाळेत, मग घरीही. “आता आईशी फोनवर बोलते ना, ती च, मी क. ती कधीच काही म्हणाली नाही. मी एकटी असताना बोलून बघते, चल्ब, दीच. नाटकात काम केल्यासारखं वाटतं. आवाज माझा आहे आणि माझा नाही.” आणि गावातली आत्ताची मुलंही शहरात जातात, तीही सोडतायत. अजून काही वर्षांनी तो आवाज म्हाताऱ्यांबरोबर जाईल. म्हणून तिनं ठरवलं, पुस्तक याच अक्षरानं करायचं. मुलांना छापलेलं दिसलं पाहिजे. छापलेल्याला कुणी हसत नाही.

मी म्हटलं, करूच. पण चाचा मागून ऐकत होते.

“अरबीत चे नसतो.”

“चाचा, पण त्यांच्या गावात…”

“गावात काहीही असेल. ही कुराणाची भाषा आहे, माहितीय ना? त्यात आपण नाना पेठेत बसून अक्षर वाढवायचं? उद्या म्हणशील ळ पण घाला.”

हनान अगदी आदरानं म्हणाली, “चाचा, तुम्ही म्हणता ती अरबी मला पाठ आहे. ही माझ्या आईची आहे.”

“आईची बोलायची असते, बेटा. लिहायची एकच असते.”

मी मधे पडले. मला राहवतच नाही. “चाचा, काकूंचा फोन आला की तुम्ही काय बोलता? हौ आणि नक्को. ते उर्दू आहे का?”

“ते घरातलं आहे.”

“पत्रिकेत कधी छापलंत?”

“कोण छापतं?”

“तेच म्हणते मी. कोणीच छापत नाही. माझं हाय पण कोणी छापत नाही. तुम्हीच रोज त्याची चेष्टा करता.”

चाचा मला म्हणाले, “मी? रोज?” आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. चष्मा एवढा घाण नव्हता. शेवटी म्हणाले, “तीन नुक्ते आहेत, नीट बसवा. एकमेकांवर चढले तर डाग पडल्यासारखं दिसतं.” म्हणजे परवानगी! मी उडीच मारली.

पुढचे दिवस दुकानात नुसता सण होता. हनान पानं चाळून चाळून जिथे जिथे काफ होता तिथे चे करत गेली. चाचांनी स्वतः नुक्त्यांमधलं अंतर ठीक केलं, कुत्र्याचं चित्र जरा मोठं केलं. एका मुलानं कुत्र्याला पाच पाय काढले होते, चाचा म्हणाले, “राहू द्या, एक शेपूट असेल.” फाइल तयार झाली आणि हनाननं ती आईला पाठवली.

आईचा लगेच मेसेज नाही आला. मग व्हिडिओ कॉल आला. मी पहिल्यांदा तिला बघितलं, साधासुधा चेहरा, मागे तंबूचं कापड वाऱ्यानं फडफडतंय. नेटवर्कसाठी बाहेर येऊन उभी होती. दोघी भराभर बोलायला लागल्या आणि मला काही कळेना, पण हनानच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. चाचांना थोडं कळत होतं, ते डोकं खाली घालून बसले.

नंतर हनाननं सांगितलं ते असं. तिच्या गावाजवळून मोठा रस्ता जातो. त्यावर लष्करानं आणि तिथे डोंगरांवर वसवलेल्या इस्रायली वस्त्यांनी पाट्या लावल्यात. हिब्रू, अरबी आणि इंग्लिश अशा तीन भाषांत. त्या वस्त्यांची नावं हिब्रू, त्यांत ‘ग’ असतो. अरबीत ‘ग’लाही अक्षर नाही. म्हणून पाट्या रंगवणाऱ्यांनी त्यासाठी तेच अक्षर घेतलंय, पोटात तीन नुक्तेवालं. आमचं चाचा-चायचं ‘चे’. गावातली मुलं ते अक्षर ओळखतात. रोज बघतात. ते ज्या नावांत येतं ती नावं त्यांच्या डोंगरावर वरून आणून ठेवलेली आहेत. आई म्हणाली होती, “तू माझ्या कुत्र्याच्या गळ्यात त्यांची पाटी बांधलीस.”

आम्हाला नाना पेठेत काय माहीत!

हनान हट्टाला पेटली. अक्षर कुणाच्या बापाचं नसतं, उर्दूचं आहे, फारसीचं आहे, हजार वर्षांचं आहे, असं सगळं ती आईला फोनवर सांगत होती. आई म्हणाली, पाच वर्षांच्या मुलाला मी फारसी सांगू का? शिवाय मुलांना परीक्षा काफनं द्यायची आहे. काफ त्यांना आलाच पाहिजे, नाहीतर शहरात पुन्हा हसतील. हनान म्हणाली, मग आपला आवाज कुठे राहणार? तो कागदावर नको का? त्यावर आई म्हणाली ते चाचांनाही कळलं आणि ते खुदकन हसले, मग सॉरी म्हणाले. आई म्हणाली होती, “आवाज काय लोणचं आहे, बरणीत भरून ठेवायला?”

हनान नाही हसली. ती पिशवी उचलून गेली, आणि मग बरेच दिवस आलीच नाही. मी मेसेज केले, निळ्या टिका यायच्या, उत्तर नाही. दुकानात तिचं स्टूल मी उगाचच पुसून ठेवायचे. चाचा म्हणायचे, “येईल. शाळा सुरू व्हायची आहे तिकडे. आईशी भांडलीय, मुलांशी नाही.”

आली. डोळे सुजलेले, पण चालणं तेच. म्हणाली, “काफ कर सगळे.” मी विचारलं, नक्की? ती म्हणाली, “पुस्तक आईचं आहे. कर.” सगळे ‘चे’ काढून ‘काफ’ घालायला कॉम्प्युटरला एक क्लिक लागतो. फाइंड, रिप्लेस ऑल, ओके. तिनं एवढे दिवस एकेक करून लावले होते. मी बटण दाबताना तिच्याकडे बघितलं नाही.

हनान आता पुण्यात नाही. पीएचडी झाली आणि ती परत गेली. जाताना एवढंच म्हणाली की इथे चांगलं आहे, पण इथे मला कुणी आईच्या आवाजात हाक मारत नाही. कधी तिचे फोटो येतात, कधी माझ्या मेसेजला आठवडा आठवडा एकच टिक राहते. तेव्हा मी बातम्या उघडत नाही, आणि मग उघडतेच. फाइल आमच्याकडे आहे, चाचांनी ती दोन ठिकाणी ठेवलीय. मला नोकरीच्या नवीन ऑफर येतात, हडपसरच्या आयटी पार्कातल्या, एसीतल्या, घराजवळच्या. जाईनही कधीतरी. पण तिथे कुणी स्क्रीनवर बोट टेकवून “हे काय लिहिलंस” असं विचारणार नाही, हे मला आत्ताच कळतंय आणि आत्ताच त्या दुकानाची आठवण यायला लागलीय, रोज तिथे जात असूनसुद्धा.

शेवटचं प्रूफ तेवढं सांगायचं राहिलं. चाचांचा नियम आहे, मोठ्यानं वाचल्याशिवाय फाइल छपाईला द्यायची नाही. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं कागदावर बोट ठेवून जुळवायचं. डोळा फसतो, कान फसत नाही. त्या दिवशी वाचणार हनान आणि जुळवणार तिकडून तिची आई, तिच्याकडे फाइल फोनवर होती. आमचा फोन स्पीकरवर, टेबलाच्या मधोमध. मीही एक प्रत घेऊन बसले होते, चाचा दारात उभे, गिऱ्हाइकाला हातानंच ‘नंतर’ म्हणत.

हनान वाचत गेली. अलिफ, बे, ते, झरा, गुहा, भट्टी. आई प्रत्येक शब्दाला घशातून नुसता हुंकार द्यायची, बरोबर आहे अशा अर्थाचा. एक-दोन ठिकाणी जेर-जबर, म्हणजे स्वरांच्या खुणा, चुकलं होतं, ते मी पेन्सिलीनं टिपलं. मग काफचं पान आलं. पाच पायांचा कुत्रा.

“कल्ब,” हनाननं वाचलं.

हुंकार आला नाही. आम्हाला वाटलं नेटवर्क गेलं. मी फोन उचलून बघितला, कॉल चालू होता, वाऱ्याचा आवाज येत होता.

हनाननं पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं. “कल्ब.”

मग आई बोलली, अगदी शांतपणे. चाचांनी दारातूनच हळू आवाजात मला त्याचं मराठी करून दिलं. “विचारतेय, हा कुत्रा कुठला? शहरातला?”

हनान कागदाकडे बघत राहिली. कागदावर काफच होता, तिनंच करायला सांगितलेला. तिनं ओठ दाबून धरले, मग सोडले, आणि ते बाहेर आलं, बारीक, घोगरं, थोडं अडखळलेलं.

“चल्ब.”

“चम्मिली,” आई म्हणाली.

याचं मराठी चाचांनी केलं नाही, आणि मला विचारावं लागलं नाही. हनाननं पान उलटलं होतं आणि ती पुढचं वाचत होती.